परसातली लाकडांची खोली

मुलुंडला आमच्या घरामागे एक कौलारू खोली आहे. वडिलांच्या काळी तीत बंबाची लाकडे नि कोळसा भरत. पुढे घरात गॅस आला आणि खोली अडगळीच्या स्वाधीन झाली. गेल्या वर्षी कन्या म्हणाली, "बाबा, मूर्ती करायला मला ही खोली द्या." तेव्हा घर पाडून इमारत बांधण्याचे बोलणे चालले होते. दोन वर्षांनी जाणाऱ्या खोलीवर खर्च कशाला, असा माझा हिशेब.

दिवाळीच्या सुट्टीत सासवण्याला गेलो आणि तो हिशेब मोडला. गेटवेहून लाँचने मांडवा. तेथून सासवणे जवळच. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म १८९१ साली याच गावचा. देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजीमहाराजांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिले आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये धाडले. पुण्यातला १९२८ सालचा अश्वारूढ शिवपुतळा त्यांचाच. करमरकर १९६७ मध्ये निवर्तले. पण सासवण्याच्या घरात नि बागेत त्यांची शिल्पे आजही आहेत. कोळीण आहे, म्हैस आहे. कितीतरी कामे साध्या सिमेंटमधली! थोर कलेला संगमरवरी महाल लागत नाही, हे तिथे न सांगता कळते.

परतल्यावर आम्ही कामाला लागलो. बर्नार्ड शॉ यांची बागेतली लिहिण्याची खोपटी उन्हाप्रमाणे फिरवता येई. आमची खोली कुठली फिरायला! म्हणून उत्तरेच्या भिंतीत मोठी खिडकी पाडली. उत्तरेचा उजेड शांत असतो; सावल्या पळत नाहीत, मातीचे चढउतार नीट दिसतात. कौले पावसाळ्यापूर्वी चाळून घेतली. ओल धरणाऱ्या भिंतींना सिमेंट न लावता चुनाच दिला, म्हणजे भिंत वाळते. शाडू ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा. हात धुतलेले पाणी मोरीत न ओतता बादलीत निवू द्यायचे, नाहीतर मोरी तुंबलीच!

यंदाचा आमचा गणपती त्याच खोलीत घडला. सोंड किंचित जाड झाली. आरतीला आलेल्यांपैकी कोणी बोलले नाही.

परवा नव्या इमारतीचा नकाशा आला. खोलीच्या जागी मोटारी उभ्या राहणार. कन्येने नकाशा न्याहाळून दोनच प्रश्न विचारले, "उत्तर कुठली? आणि पाणी कुठे?"

उत्तरेची खोली तिची, असे सौ.ने ठरवून टाकले आहे. माझी पुस्तके पश्चिमेचे ऊन खातील.