अद्भुतरम्य कादंबरीतील धर्मकल्पना
अद्भुतरम्य कादंबरीतील धर्मकल्पना : अलौकिक घटना व प्रणय यांची सांगड घालणाऱ्या लोकप्रिय कादंबऱ्यांना आधारभूत असलेल्या पापपुण्य, विवाह, मरणोत्तर जीवन इत्यादींविषयीच्या धार्मिक समजुती. प्रकट उपदेशापेक्षा कथेच्या रचनेतूनच त्या व्यक्त होतात. प्रेमिकांच्या मार्गातील अडथळा आणि त्यांच्या मीलनाचे चिरंतनत्व या दोन ठिकाणी त्या विशेषेकरून आढळतात.

मराठीतील ‘कादंबरी’ ही संज्ञा बाणभट्टाच्या सातव्या शतकातील संस्कृत गद्यकथेच्या नावावरून आली. तीत शाप व पुनर्जन्म यांच्या योगे प्रेम मृत्यूपलीकडे टिकते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची मुक्तामाला (१८६१) व नारो सदाशिव रिसबूड यांची मंजुघोषा (१८६८) यांनी हा प्रकार मराठीत रुजविला. सज्जनांची संकटे अखेर टळतात व दुर्जनांना शासन घडते, ही नीतिकल्पना त्यांच्या मुळाशी आहे. अद्भुताचा आश्रय का घ्यावा लागतो, हे रिसबुडांनी मंजुघोषेच्या प्रस्तावनेत सांगितले आहे : विवाहविषयक रूढी व इतर कारणे यांमुळे हिंदूंच्या नित्याच्या आयुष्यात मनोरंजक असे काही सापडत नाही. बालविवाहाच्या चालीमुळे विवाहपूर्व अनुरागाला वावच नव्हता. म्हणून तो कल्पित सृष्टीत न्यावा लागला.

याच्याशी तुलना करण्याजोगे अलीकडील अमेरिकन उदाहरण म्हणजे स्टेफनी मेयर (१९७३– ) यांची ट्वायलाइट ही चार कादंबऱ्यांची माला (२००५–०८) होय. लेखिका जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये स्थापिलेल्या मॉर्मन पंथाच्या आहेत. विवाहापूर्वी ब्रह्मचर्य पाळावे, मंदिरात विधिपूर्वक झालेला विवाह मृत्यूनंतरही टिकतो आणि बरेवाईट निवडण्याचे स्वातंत्र्य मनुष्यास आहे, अशी या पंथाची शिकवण आहे. मालेतील नायक एडवर्ड हा रक्तपिपासू योनीतील असूनही त्याचे कुटुंब मानवी रक्त वर्ज्य मानते. विवाहापूर्वी तो शरीरसंबंध नाकारतो. आणि विवाहानंतर नायिका बेला त्याच्याच योनीत जाऊन अमर होते. समीक्षकांनी या घटनांचा संबंध उपर्युक्त शिकवणुकीशी जोडला आहे.

दोन्हीकडे विवाहाचा नियमच कथेला जन्म देतो. मात्र त्याचे कार्य भिन्न आहे. मेयर यांच्या कथेत नायकाने स्वेच्छेने स्वीकारलेल्या संयमातून उत्कंठा निर्माण होते. मराठीत तो नियम वधूवरांच्या संमतीवाचून लादलेला होता व अद्भुत ही त्यापासून सुटण्याची वाट होती. त्या वाटेने वाचकाचे रंजन झाले, पण रूढीला आव्हान मिळाले नाही. ते कार्य वास्तवाकडे वळलेल्या कादंबरीने केले. बाबा पदमनजी यांच्या यमुनापर्यटनात (१८५७) विधवांची दुःस्थिती आधीच आली होती; पुढे हरि नारायण आपटे यांनी पण लक्षात कोण घेतो? या करमणूक साप्ताहिकात १८९० पासून प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत बालवधूचे व विधवेचे जीवन तिच्याच मुखाने वदविले. अद्भुतरम्य कादंबरीने ज्या आयुष्याला नीरस म्हणून वगळले होते, तेच अशा रीतीने मराठी कादंबरीचा मुख्य विषय बनले.