रुग्णसंख्या म्हणजे रोगप्रमाण नव्हे

पंजाबच्या दक्षिणेकडील माळवा पट्ट्यातील कर्करुग्ण वर्षानुवर्षे भटिंड्याहून रात्रीच्या गाडीने राजस्थानातील बिकानेर येथे उपचारांसाठी जात. त्या गाडीला ‘कॅन्सर ट्रेन’ हेच नाव पडले. या रुग्णांची नोंद झाली ती बिकानेरच्या रुग्णालयात. रोग मात्र पंजाबातला. पुढे २०१५ मध्ये संगरूरला आणि २०२२ मध्ये चंडीगडलगतच्या मुल्लांपूर येथे कर्करोग रुग्णालये उभी राहिली. उद्या बिकानेरच्या दप्तरात पंजाबचे रुग्ण घटले, तर माळव्यातील कर्करोग ओसरला असे म्हणता येईल काय? रुग्णालयाच्या नोंदींवरून रोगाचा कल ठरवण्यातील अडचण नेमकी हीच आहे.

रुग्णालय सांगते ते दाराशी किती जण आले एवढेच. किती लोकसंख्येतून आले, हे ते सांगू शकत नाही. टक्केवारीही फसवी ठरते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण कमी झाले, तर स्तनाच्या कर्करोगाचा वाटा आपोआप वाढलेला दिसतो.

हे ओळखूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम आखताना दोन प्रकारची केंद्रे निवडली. चंडीगड, दिब्रुगड आणि तिरुवनंतपुरम येथे रुग्णालयाधारित. तर बंगळूर, मद्रास आणि १९६३ पासून नोंदणी सुरू असलेल्या मुंबईत लोकसंख्याधारित. दुसऱ्या प्रकारातही कच्चा माल रुग्णालयांचाच असतो. नोंदणी कर्मचारी रुग्णालये, प्रयोगशाळा आणि मृत्युनोंदी धुंडाळतात, बाहेरगावचे रुग्ण वगळतात, एकाच रुग्णाच्या दुबार नोंदी गाळतात. मग उरलेल्या संख्येला त्या भागातील लोकसंख्येने भागले जाते. या खटाटोपातूनच २०१२ ते २०१६ च्या अहवालात मिझोरममधील ऐजॉल जिल्ह्यात पुरुषांमधील वयसमायोजित प्रमाण लाखामागे २६९.४, म्हणजे देशात सर्वाधिक, असल्याचे स्पष्ट झाले. महानगरांतील मोठ्या रुग्णालयांच्या गर्दीत ऐजॉल कधीच दिसले नसते.

परंतु त्या अहवालात लोकसंख्याधारित केंद्रे होती अवघी २८ आणि त्यांच्या कक्षेत देशाची सुमारे दहा टक्केच लोकसंख्या. त्यातच भागाकाराचा छेदही जुना झाला आहे. २०११ नंतर जनगणना न झाल्याने लोकसंख्या अंदाजानेच धरावी लागते. २०२० मध्ये वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू नोंदवलेल्या मृत्यूंच्या एक चतुर्थांशाहूनही कमी होते, तेव्हा मृत्युनोंदींचा आधारही तोकडाच.

याचा अर्थ रुग्णालयांचे दप्तर निरुपयोगी, असा नाही. रोग कोणत्या टप्प्यावर कळला, उपचार कधी सुरू झाले, किती जणांनी ते अर्ध्यावर सोडले, हे तेच सांगते. प्रश्न जोडणीचा आहे. कायमचा पत्ता, तेथील वास्तव्याचा काळ आणि प्रथम निदानाची तारीख ही माहिती प्रत्येक नोंदीत सक्तीची केली, आयुष्मान भारतच्या दाव्यांशी ती गोपनीयता राखून जोडली, तर तीच कागदपत्रे नोंदणीचा कणा बनतील. कर्करोग ‘अधिसूचित’ करून त्याची नोंद बंधनकारक करावी, अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीने २०२२ मध्ये केलीच आहे. काही राज्यांनी ते पाऊल आधीच उचलले. देशभर मात्र तसा नियम झालेला नाही.

तपासणी शिबिरे कोठे भरवायची, किरणोपचार यंत्र कोणत्या जिल्ह्याला द्यायचे, हे निर्णय याच आकड्यांवर अवलंबून आहेत. रुग्ण जेथे पोहोचतो त्यावरून ते घेतले, तर यंत्रे मोठ्या शहरांतच राहतील आणि रात्रीच्या गाड्याही भरलेल्याच राहतील.