श्वानसंगतीचा हिशेब

‘कुत्रा पाळला की म्हाताऱ्या माणसाचं आयुष्य वाढतं, हे खरं का?’ असं एका वाचकानं विचारलंय. या समजुतीला बळ मिळालं ते एरिका फ्रिडमन यांच्या १९८०च्या शोधनिबंधानं. खरं तर त्या प्राण्यांच्या मागावर नव्हत्याच. हृदयविकार विभागातून घरी परतलेल्यांना जगवण्यात नात्यागोत्याचा किती हात असतो, हे त्या तपासत होत्या. प्राण्यांचा प्रश्न इतर अनेक प्रश्नांतला एक. ९२ रुग्णांपैकी ५३ जणांकडे प्राणी होता, वर्षभरात त्यांतले ३ दगावले. उरलेल्या ३९ जणांपैकी ११ गेले. आजाराची तीव्रता जमेस धरूनही फरक उरला.

हा आकडा जगभर गाजला. २०१०मध्ये सिडनीतल्या रुग्णांत उलटंच आढळलं, त्याचा मात्र गवगवा झाला नाही. तेव्हा ‘आयुष्य वाढतं’ असं छातीठोकपणे सांगता येत नाही. शिवाय असल्या अभ्यासांत भरणा गोऱ्या पाश्चात्त्यांचा. अल्पसंख्याक समाजातल्या वृद्धांचं काय?

मला मुंबईचे पारशी आठवतात. २०११च्या जनगणनेत देशभरात ५७,२६४ पारशी. त्यांतले तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास साठीपुढचे. कुत्र्याशी त्यांचं नातं थेट धर्मातून आलेलं. अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. १८३२मध्ये पोलिसांनी भटकी कुत्री मारायला घेतली. कुत्र्यामागे आठ आणे मिळत, त्यामुळे पाळलेली कुत्रीही सुटेनात. ६ जूनला पारशी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी पोलिसांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी फोर्टातले व्यवहार थंडावले, हिंदू, जैन, मुसलमानही सामील झाले. इंग्रजांशी एकनिष्ठ म्हणून नावाजलेला समाज सरकारवर उठला, तो कुत्र्यांसाठी!

अशा परंपरेत वाढलेल्या, एकट्या राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या बाईंना ‘घरी प्राणी आहे? हो की नाही?’ एवढंच विचारून काय हाती लागणार? कुत्र्याला फिरवायला त्या तीन जिने उतरू शकतात का, त्याच्या निमित्तानं शेजारपाजारी बोलणं होतं का, पेन्शनमध्ये त्याचं औषधपाणी भागतं का, हे विचारायला हवं. संशोधनाचं खरं काम इथंच आहे. प्राण्याची आबाळ होईल म्हणून वयस्कर माणसं रुग्णालयात दाखल व्हायचं लांबणीवर टाकतात, हे परदेशी अभ्यासांत नोंदलं गेलंय. आपल्याकडच्या रुग्णालयांनी दाखल करतानाच्या अर्जात ‘घरी प्राणी आहे का? त्याला कोण बघणार?’ एवढी ओळ घालावी. तिला खर्च काहीच नाही.