एकशेवीसचा खटका

माउसचं चाक फिरवताना बोटाला जो बारीक खटका लागतो, तो विंडोजमध्ये एका आकड्याच्या रूपात प्रोग्रामपर्यंत पोहोचतो: 120. चाक पुढे ढकललं की +120, आपल्याकडे ओढलं की −120.

या चाकाची गोष्ट एक्सेलच्या अवाढव्य तक्त्यांतून सुरू होते. अशा तक्त्यांत हिंडताना लोकांची दमछाक होते, हे मायक्रोसॉफ्टमधल्या एरिक मिशेलमन यांच्या 1993च्या सुमारास लक्षात आलं. त्यांना हवा होता तक्ता लहान-मोठा करणारा दांडा. पुढे त्या विचारातून चाक आलं आणि 1996च्या इंटेलिमाउसने ते घरोघरी नेलं.

पण 120च का? एका खटक्याला 1 पुरला असता. मात्र पुढे खटके नसलेली, याहून बारीक मोजणारी चाकं येतील, हे आखणी करणाऱ्यांनी आधीच धरलं होतं. तसं चाक एका खटक्याइतकं फिरताना 30-30 किंवा 40-40 असे तुकडे पाठवू शकतं. 120ला बरेच भाजक आहेत, त्यामुळे अपूर्णांकांची कटकट नाही. इतकी दूरदृष्टी संगणकाच्या जगात क्वचित दिसते, आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी ती बरीचशी वाया घालवली.

वेबपानांत हलती चित्रं आणि खेळ चालवणाऱ्या जुन्या फ्लॅशचंच बघा. त्याच्या अॅक्शनस्क्रिप्ट या भाषेत चाकाचा आकडा साधारण 1 ते 3 असा यायचा, वरच्या दिशेला धन. ब्राउझरच्या ‘व्हील’ घटनेत मात्र खाली जाणं धन, आणि आकडा कधी पिक्सेलमध्ये, कधी ओळींमध्ये. मॅकवर तर फ्लॅशला चाक कित्येक वर्षं कळतच नव्हतं. लोक ते पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये पकडून आत पोहोचवत. या गोंधळाला कंटाळून अनेकांनी आकडा सोडला आणि फक्त चिन्ह पाहिलं. समजा, पडद्यावर नकाशा आहे: धन आलं, नकाशा एक पायरी मोठा. खटक्यांच्या चाकावर हे चालून जातं. बारीक चाकावर त्याच एका खटक्याचे चार तुकडे येतात आणि नकाशा चार पायऱ्या उडी मारतो.

यावरचा उपाय शाळेतल्या बेरजेतला आहे, हातचा ठेवण्याचा. आलेले तुकडे साठवायचे, 120 भरले की एक पायरी, उरलेलं पुढच्या हिशेबाला. दिशा उलटली की हातचा शून्य करायचा, नाहीतर चाक अडखळल्यासारखं वाटतं. नकाशासारख्या सलग गोष्टीला पायऱ्याच नकोत. आकड्याच्या प्रमाणात तो सरळ लहान-मोठा करावा. चित्रांच्या दालनात मात्र पायरी हवी, कारण तिथे अर्धं चित्र कुणालाच नको असतं.

2006मध्ये लॉजिटेकच्या एमएक्स रिव्होल्यूशनने खटक्यांविना मोकळं फिरणारं चाक आणलं. लिनक्सने 2019मध्ये, 5.0 आवृत्तीत, बारीक चाकांसाठी वेगळा संकेत ठरवला. तिथेही पूर्ण खटक्याचं मोल 120च ठेवलं आहे.