तीन अळ्या, एक नांव

खानदेशांत हल्लीं बहुतेकांच्या तोंडीं एकच वाक्य ऐकूं येतें, कीं ‘बोंडअळीस बीटी कपाशीची सवय झाली.’ हें वाक्य आम्हांस दोन ठिकाणीं सदोष वाटतें. एक तर कोणती बोंडअळी हें त्यांत सांगितलेलें नाहीं. आणि दुसरें, सवय अशी कोणत्याही अळीस झालेली नाहीं.

प्रथम नांवाचें पाहूं. कपाशीचें बोंड पोखरणाऱ्या मुख्य अळ्या तीन: ठिपक्यांची, अमेरिकन व शेंदरी, जिला गुलाबीही म्हणतात. तिन्ही पतंगांच्या अळ्या खऱ्या. पण शास्त्राप्रमाणें त्यांचीं कुळें निरनिराळीं. उलट हरभऱ्यावरील घाटेअळी, तुरीच्या शेंगा पोखरणारी हिरवी अळी आणि कपाशीवरील अमेरिकन बोंडअळी हीं नांवें मात्र एकाच प्राण्याचीं होत! आमची हयात महसुली दप्तरांत गेली. दोन खातेदारांचें नांव एक आणि एका खातेदाराचीं नांवें तीन, असें झालें म्हणजे काय घोटाळे होतात, हें आम्ही जाणतों. प्राणिशास्त्रांत लिनियस या स्वीडिश पंडितानें १७५८ सालीं सर्व प्राण्यांस दोन शब्दांचें नांव लावून हा घोटाळा आवरला. शेंदरी अळीस तसें नांव १८४३ सालीं साँडर्स या इंग्रज गृहस्थानें दिलें, आणि नमुने गेले होते भरूचच्या कपाशीवरून. म्हणजे ही आपली जुनी शेजारीणच म्हणावयाची.

आतां सवयीचें. जमिनींतील एका सूक्ष्म जंतूचा गुण कपाशींत उतरवून बीटी वाण तयार झालें. २००२ सालीं आपल्या देशांत त्यास परवानगी मिळाली. या कपाशींत जें विष तयार होतें तें अळीच्या आंतड्याच्या विशिष्ट जागीं चिकटतें व अळी मरते. परंतु लाखों अळ्यांत एखादीच्या आंतड्याची घडण उपजतच किंचित् निराळी असते. विष तेथें चिकटत नाहीं. ती जगते, इतर मरतात. पुढें तिची गांठ पडते ती तशाच जगलेल्या पतंगाशीं, व त्यांची संतति आईबापांच्या वळणावर जाते. हंगामांत सुमारें महिन्याला एक पिढी! आपण बियाण्यासाठीं ज्वारीचें भरदार कणीस निवडून ठेवतों. येथें निवड विषानें केली, इतकाच फरक. कोणतीही अळी कांहीं शिकली नाहीं. ज्या मरावयाच्या त्या मेल्या व उरल्या त्यांचा वंश वाढला. २०१० सालीं गुजराथेंतील चार जिल्ह्यांत शेंदरी अळी पहिल्या विषास दाद देत नाहीं असें जाहीर झालें. दोन विषांचें वाण २००६ पासून मिळत होतें, तरी २०१७ सालीं महाराष्ट्रांत त्याचीही तीच गत झाली, आणि गांवोगांव पंचनामे करावे लागले.

मग अमेरिकन अळी त्याच शेतांत असून तिच्यांत हें त्या मानानें कां घडलें नाहीं? तिचें पोट कपाशीवर अवलंबून नाहीं. हरभरा, तूर, टोमॅटो यांवर वाढलेले, विष न पाहिलेले पतंग कपाशींत येतात व एखाद्या विष पचविणाऱ्याशीं त्यांची जोडी जमते. हा गुण बहुधा दोन्हीं आईबापांकडून यावा लागतो. एकाकडूनच आला तर संतति विषानें मरते. शेंदरीचा संसार मात्र जवळजवळ सर्वस्वीं कपाशीवर. तिच्यासाठींच बीटीच्या पुडीबरोबर १२० ग्रॅम साधें बियाणें, कडेनें लावण्यास, येत असे. तें किती बांधांवर लागलें हें वाचकांनींच आठवावें! अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत असा साधा कापूस नेमानें लावला. पुढें २००६ पासून वांझ केलेले पतंगही सोडले, आणि २०१८ सालीं तेथील सरकारनें ही अळी आपल्या कपाशींतून नाहींशी झाल्याचें जाहीर केलें.

औषधांचेंही असेंच. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनीं १९४५ सालींच बजावलें होतें, कीं अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट निर्ढावतात. म्हशीची कास सुजली असतां दोन सुया टोंचून, दूध उतरलें म्हणून तिसरी टाळणारे पुष्कळ आहेत. कोलिस्टिन हें माणसाचें अखेरचें औषध जनावरांस देण्यास २०१९ सालीं सरकारनें बंदी केली, ती यामुळेंच.

चोपडा, यावल, रावेरकडे विहिरीच्या पाण्यावर मे महिन्यांतच कपाशी लावतात, आणि पुष्कळ ठिकाणीं फरदड मार्चपर्यंत उभी असते. शेंदरीस याहून अधिक काय हवें? डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटून शेत मोकळें केलें तर तिची सांखळी तुटते; नाहींपेक्षां ती सरकींत व वाळल्या बोंडांत निजून राहते. जिनिंगच्या आवारांतही सापळे लावावे लागतात ते यासाठींच.

कामगंध सापळा घेतांना दुकानदारास अळीचें नांव स्पष्ट सांगावें. शेंदरीच्या गंधास घाटेअळीचा पतंग येत नाहीं, तिच्या गंधास शेंदरीचा येत नाहीं. हेक्टरीं पांच सापळे पुरतात; लागोपाठ तीन रात्री एका सापळ्यांत आठ पतंग सांपडले, कीं डोमकळ्या शोधावयास शेतांत उतरावें.