तळ्याच्या तळाशी मका आणि प्लुटोनियम

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातलं क्रॉफर्ड तळं विस्तारानं जेमतेम अडीच हेक्टरचं, पण सुमारे २४ मीटर खोल आहे. त्याच्या तळाचं पाणी वरच्या पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे बसलेला गाळ ढवळला जात नाही. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यातला चुना पांढऱ्या कणांच्या रूपात खाली बसतो. थंडीच्या तोंडावर मेलेल्या शेवाळाचा काळसर थर त्यावर चढतो. एक पांढरी आणि एक काळी रेघ मिळून एक वर्ष.

हा गाळ इतका मऊ असतो की साध्या नळीनं उपसला तर रेघा विस्कटतात. म्हणून शास्त्रज्ञ कोरडा बर्फ भरलेली धातूची पोकळ नळी त्यात रोवतात. गाळ गोठून तिला चिकटतो आणि नळी वर काढली की वर्षं मोजता येतात.

१९७०च्या दशकात या थरांत मक्याचे परागकण सापडले. मक्याचा पराग जड, वाऱ्यानं फार लांब जात नाही. म्हणजे शेत जवळच असणार. शोध घेतला तेव्हा इरोक्वियन या मूळनिवासी लोकांच्या जुन्या गावाचे अवशेष मिळाले. मक्याच्या थरांवरच्या, १९व्या शतकातल्या थरांत रॅगवीड या तणाचे परागकण वाढलेले दिसतात. युरोपीय वसाहतवाल्यांनी जंगल तोडून रान मोकळं केल्याची ती खूण.

१९५०च्या आसपास मात्र गाळाचा नूर पालटतो. कोळसा आणि तेल प्रचंड तापमानाला जळाल्यावरच तयार होणारे काजळीचे गोल कण एकदम वाढतात. अणुचाचण्यांतून वातावरणात पसरलेलं प्लुटोनियमही दिसू लागतं. मका पेरणारे आणि झाडं तोडणारे तळ्याचे शेजारी होते. प्रशांत महासागरातल्या बेटांवर बॉम्ब फोडणाऱ्यांचा या तळ्याशी काडीचाही संबंध नव्हता, तरी त्यांची राख इथवर पोहोचली.

म्हणूनच २०२३मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटानं ‘मानवयुग’ या प्रस्तावित भूवैज्ञानिक कालखंडाची सुरुवात दाखवणारं ठिकाण म्हणून या तळ्याची निवड केली. मार्च २०२४मध्ये भूवैज्ञानिकांच्या समितीनं या कालखंडाला मान्यता देण्याचा प्रस्ताव फेटाळला. माणसाचा हस्तक्षेप शेतीपासूनच सुरू झाला, मग सीमारेषा विसाव्या शतकातच का, हा विरोधकांचा एक मुख्य आक्षेप होता. त्याला पुरावा याच तळ्यातला मका देतो, तर ‘मानवयुगा’च्या बाजूनं इथलंच प्लुटोनियम साक्ष देतं. माणसानं निसर्गात ढवळाढवळ कधीपासून केली, याचं उत्तर एका तारखेत मावत नाही. ती गावाची वेस ओलांडून पृथ्वीभर केव्हा पोहोचली, ते मात्र गाळ नेमकं सांगतो.