कळ, पाटी आणि हजेरीपट

मोबाईलच्या पडद्यावर एक पाटी आहे. तिच्यावर ‘हजर’ हा शब्द आहे. खाली एक कळ आहे. कळ दाबताच ‘गैरहजर’ असे दिसावे व पुन्हा दाबताच ‘हजर’ असे दिसावे. आज्ञालेखनाच्या आरंभी मुलांस देण्याजोगा हा पाठ सोपा दिसतो. परंतु ‘अट’ आणि ‘आठवण’ या दोन्ही कल्पनांची त्यात कसोटी लागते.

याकामी ‘ॲप इन्व्हेंटर’ हे साधन सोयीचे आहे. गूगलने ते २०१० साली उपलब्ध केले; २०१२ पासून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था ते चालविते. त्यात रंगीत ठोकळे जुळवून आज्ञा रचावयाच्या असतात. कळेस ‘बटण’ व पाटीस ‘लेबल’ म्हणतात. बटण दाबले असता करावयाच्या आज्ञा प्रत्येक वेळी वरून खाली क्रमाने पाळल्या जातात.

या क्रमाचा विसर पडला की चूक होते. मूल दोन स्वतंत्र अटी लिहिते : ‘हजर’ असेल तर ‘गैरहजर’ कर, ‘गैरहजर’ असेल तर ‘हजर’ कर. मग ‘हजर’ दिसत असता बटण दाबले तरी पाटी जशीच्या तशी राहते. मुलास वाटते, बटण बिघडले. वस्तुतः पहिल्या अटीने शब्द बदललेला असतो व लागलीच दुसरीने तो परत फिरविलेला असतो. याकरिता एकच अट घालून ‘तर’ आणि ‘नाहीतर’ असे दोन मार्ग ठेवावेत.

तरीही एक उणीव राहते. यंत्र शब्दाचा अर्थ जाणत नाही. ते केवळ अक्षरे ताडून पाहते. पाटीवरील ‘हजर’पुढे चुकून एक रिकामी जागा राहिली, तरी ते त्यास निराळा शब्द समजते. फळ्यावर पट व हजर संख्या लिहिलेली असते. पण शंका आल्यास हजेरीपटच प्रमाण मानतात. तद्वत येथेही खरी स्थिती ‘चल’ नावाच्या वेगळ्या जागी ‘सत्य’ अथवा ‘असत्य’ अशी नोंदवावी. पाटीवर आरंभी ‘हजर’ असल्यास चलाचे आरंभीचे मूल्य ‘सत्य’ ठेवावे. बटण दाबताच प्रथम चल उलटावा. नंतर त्याचे मूल्य पाहून पाटी लिहावी.

मोबाईल नसला तरी हा पाठ घेता येतो. एका मुलाने टाळी वाजवावी; ती टाळी म्हणजे बटण. दुसऱ्याने मूठ उघडी किंवा मिटलेली ठेवावी. ती मूठ म्हणजे चल. तिसऱ्याने मूठ पाहून पाटीवर शब्द लिहावा. प्रत्येक टाळीपूर्वी आता काय दिसेल, हे इतरांकडून वदवून घ्यावे. उत्तर चुकल्यास ते पुसण्याची घाई न करता कोणती आज्ञा आधी व कोणती मागाहून पाळली गेली, हे मुलांनाच शोधू द्यावे.